हेलिकॉप्टर मध्येच उतरवावं लागलं तर: एअर ॲम्ब्युलन्सवर नव्याने आलेल्यांसाठी

एअर ॲम्ब्युलन्सच्या हेलिकॉप्टरवर ड्यूटी लागली की नवी सिस्टर असो की डॉक्टर, आधी बॅग पाठ करतात. ॲड्रेनालिन कुठल्या कप्प्यात, सक्शन चालतंय का, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) चटकन हाताला लागते का. हे करायलाच हवं. पण आयसीयूत कधीच येत नाही असा एक प्रसंग इथे येऊ शकतो. पेशंट स्थिर आहे, पुणं गाठायला वीसेक मिनिटं उरली आहेत आणि हेडसेटवर कॅप्टनचा आवाज येतो, "आपण खाली उतरतोय." खाली ना हॉस्पिटल, ना हेलिपॅड. असतं एखादं शेत, नाहीतर शाळेचं मैदान. अशा वेळी मेडिकल क्रूने काय करायचं, ते मी इथे क्रमाने लिहिते आहे. जुहूहून उडणाऱ्या नव्या मुला-मुलींना मी हेच शिकवते.

यंत्र उडतंय, ताबा कॅप्टनच्या हातात आहे, पण काहीतरी खटकलंय आणि ते घेऊन पुढे जायचं नाही, म्हणून जागा बघून उतरायचं, ते खबरदारीचं लँडिंग. इंजिनच बंद पडलं आणि उतरण्यावाचून गत्यंतर नाही, ते सक्तीचं. दुसरा प्रकार दुर्मिळ आहे. पहिला कधी ना कधी वाट्याला येणार असं धरूनच या कामात या. नव्या लोकांना त्याची भीती वाटते आणि रागही येतो. भीती आपण पडू याची, राग पेशंटचा वेळ गेल्याचा. माझं सांगणं स्पष्ट आहे. शेतात सुखरूप उतरलेलं हेलिकॉप्टर म्हणजे फसलेली फेरी नव्हे. कॅप्टनने आपलं काम चोख केलं, म्हणून तुम्ही जमिनीवर आहात. आता तुमचं काम सुरू होतं, कारण उपचार हेलिकॉप्टरबरोबर थांबत नाहीत.

मुंबईचं आकाश ओळखून ठेवा

जुहू विमानतळ १९२८ सालचा. आजही मुंबईची बहुतेक हेलिकॉप्टरं तिथूनच उडतात. सांताक्रूझचा मोठा विमानतळ अगदी शेजारी, त्यामुळे उड्डाणानंतरची पहिली काही मिनिटं कॅप्टन सतत कंट्रोल टॉवरशी बोलत असतात. या मिनिटांत आणि उतरतानाच्या मिनिटांत इंटरकॉमवर गप्प बसायचं. धोक्याची गोष्ट असेल तरच तोंड उघडायचं.

पश्चिमेला समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मध्ये दाटीवाटीच्या इमारती. शहरावर असताना उतरायला जागा मोजक्याच: महालक्ष्मीचं रेसकोर्स, काही मोठी मैदानं, मोकळे भूखंड. भांडुप-मुलुंडकडची मिठागरं वरून सपाट आणि मोकळी दिसतात, पण खाली चिखल असू शकतो. खारफुटीतल्या दलदलीत उतरलं तर बाहेर पडणंच मुश्किल. म्हणून "कॅप्टन, ती बघा रिकामी जागा," असं आपण सुचवायचं नाही. त्यांना वारा, तारा, उतार आणि जमीन, सगळं एकदम बघायचं असतं. मात्र विजेची तार किंवा टॉवर तुमच्या बाजूला दिसला आणि कॅप्टनने तो पाहिला आहे की नाही याची खात्री नसेल, तर लगेच सांगा. पातळ तारा वरून जवळपास दिसतच नाहीत. खांब दिसतात आणि खांबांवरून तारेचा अंदाज बांधावा लागतो.

कर्जत-खोपोली मागे पडलं की घाट. जून ते सप्टेंबर खंडाळ्याच्या कड्यांवर ढग टेकलेले असतात आणि पाहता पाहता समोरचं सगळं पांढरं होतं. कॅप्टन मागे फिरतात किंवा अलीकडेच उतरतात, त्यामागे यंत्रातला बिघाडच असतो असं नाही. कित्येकदा कारण हवामान असतं. जानेवारीत संक्रांतीचे पतंग, गणपती-नवरात्रात मिरवणुकांमधले लेझर, देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर घिरट्या घालणाऱ्या घारी, हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत खाडीत उतरणारे फ्लेमिंगो. मुंबईत उडताना या सगळ्याची नोंद डोक्यात हवी.

उड्डाणाआधी

पहिली गोष्ट बेल्ट आणि दार. हेलिकॉप्टर जमिनीवर, पंखा बंद, अशा वेळी आपल्या सीटवर बसा, डोळे मिटा आणि हाताने बेल्टचं बक्कल शोधून सोडा. मग एक हात दाराच्या मुठीपर्यंत न्या. मूठ वर ओढायची की फिरवायची, आपत्कालीन खिडकी कुठून ढकलायची, हे हाताला माहीत हवं. एकाच कंपनीत दोन वेगळ्या बनावटीची हेलिकॉप्टरं असली तर दोन्हींची दारं वेगळी असतात, तेव्हा रोज ज्या यंत्रात बसणार त्याचीच उजळणी करा. धुरात, अंधारात किंवा पाण्याखाली डोळ्यांचा काही उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट सुटं सामान. मॉनिटर, सिरिंज पंप, ऑक्सिजन सिलिंडर, बॅग, कुणाची तरी पाण्याची बाटली. जोरात आदळलं तर यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी डोक्यावर येणार. सिलिंडर क्लॅम्पमध्ये, मॉनिटर ब्रॅकेटमध्ये, बाकी सगळं पट्ट्याखाली. "दोन मिनिटांचाच प्रवास आहे, मांडीवर धरते," हे चालत नाही.

तिसरी, ऑक्सिजनचा हिशोब. सिलिंडरची पाण्याच्या लिटरमधली क्षमता गुणिले काट्यावरचा दाब. ५ लिटरचा सिलिंडर, काटा १०० बारवर, म्हणजे साधारण ५०० लिटर. मिनिटाला १० लिटर दिलात तर ५० मिनिटं. जुहू ते पुणे ४० मिनिटं धरली तर हा सिलिंडर पुरेल असं वाटतं आणि नवी माणसं तिथेच फसतात. मी नेहमी हवेतल्या वेळेची दुप्पट आणि वर अर्धा तास धरते. म्हणजे या फेरीला ११० मिनिटं, म्हणजेच ११०० लिटर. व्हेंटिलेटर स्वतःसाठी जो गॅस खातो तो वेगळा. हा जादा ऑक्सिजन शेतात बसून ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यासाठी असतो. तोच नियम बॅटरीला आणि चालू असलेल्या इन्फ्युजनला. रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनालिनची सिरिंज संपत आली असेल तर पुढची भरून, लेबल लावून तयार ठेवा.

चौथी गोष्ट पेशंटचे पट्टे. छाती, कंबर, मांड्या, आणि खांद्यावरूनही. नुसत्या पायांच्या आणि पोटाच्या पट्ट्यांवर पेशंट पुढे सरकतो. अस्वस्थ, हात झटकणारा पेशंट असेल तर त्याचं कारण जमिनीवरच शोधा: ऑक्सिजन कमी पडतोय का, साखर किती, लघवी तुंबली आहे का, वेदना आहेत का. गरज असेल तर झोपेचं औषध उड्डाणाआधी द्या. हवेत गेल्यावर खवळलेल्या माणसाला तुम्ही दोघं आवरू शकणार नाही आणि त्याचा हात कॅप्टनच्या सीटपर्यंत पोहोचू शकतो.

बरोबर नातेवाईक असेल तर त्याला बाजूला घेऊन थोडक्यात सांगा. "काका, मी सांगेपर्यंत बेल्ट सोडायचा नाही. दार आम्हीच उघडणार. वाटेत कुठे उतरावं लागलं तर घाबरू नका, मी पेशंटजवळच असेन." एवढं आधी कानावर पडलेलं असलं की पुढे तोच माणूस मदतीला येतो.

आणि पाचवी गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यांत मोठी. उडायचं की नाही हे कॅप्टन ठरवतात, आणि ते हवामान, वजन, इंधन, यंत्र बघून. पेशंट किती गंभीर आहे हे त्या निर्णयाआधी त्यांच्या कानावर घालू नका. "लहान मूल आहे हो कॅप्टन, काहीतरी करा," हे वाक्य कितीही कळवळून आलेलं असलं तरी ते एका माणसावर टाकलेलं ओझं आहे, आणि त्या ओझ्याखाली तो ढगात शिरतो. अमेरिकेत २००८ साली मेडिकल हेलिकॉप्टरच्या अपघातांत इतके जीव गेले की फेब्रुवारी २००९ मध्ये तिथल्या एनटीएसबी या तपास यंत्रणेने चार दिवस जाहीर सुनावणी घेतली. चांगल्या सेवा एक पथ्य पाळतात: पायलटला कुठून कुठे जायचं एवढंच सांगायचं. त्याच्या जोडीला दुसरं पथ्य. क्रूमधल्या एकाने जरी "मला हे ठीक वाटत नाही" म्हटलं, तरी फेरी रद्द. तो एक जण म्हणजे कालच रुजू झालेली सिस्टरही असू शकते, आणि तिला कारण सिद्ध करून दाखवावं लागत नाही.

कॅप्टनसमोर दिवा लागतो तेव्हा

हेलिकॉप्टरच्या मॅन्युअलमध्ये बिघाडांच्या साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली, आत्ताच्या आत्ता उतरा, मग खाली पाणी असो की झाडं. दुसरी, पहिली सुरक्षित जागा मिळेल तिथे उतरा. तिसरी, सोयीच्या जवळच्या ठिकाणी, म्हणजे शक्यतो जिथे इंजिनिअर आणि इंधन मिळेल तिथे उतरा. कॅप्टन "उतरतोय" म्हणाले की यातली कुठली पायरी, तेवढं कळलं तरी तुमच्या हातात किती वेळ आहे याचा अंदाज येतो. त्यांनी सांगितलं नाही तर एकच प्रश्न विचारा: "किती मिनिटं?"

एक उदाहरण जवळून बघा, म्हणजे एवढ्याशा दिव्यासाठी का उतरायचं ते पटेल. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या तेलात लोहचुंबक असलेला एक प्लग बसवलेला असतो. तेलातून वाहत आलेला धातूचा कण त्याला चिकटला की सर्किट जोडलं जातं आणि कॉकपिटमध्ये चिप लाइट लागतो. कित्येकदा जमिनीवर इंजिनिअर तो प्लग काढतात तेव्हा त्यावर केसासारखा नुसता भुगा असतो. पुसला, तपासला, काम झालं. पण कधी कधी त्यावर चकाकणारी कपची असते आणि ती बेअरिंग किंवा गिअरचा दात सुटायला लागल्याची खूण असते. हवेत हे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. दिवा दोन्हींसाठी तोच. मुख्य गिअरबॉक्स गेला तर वरचा पंखाच हातचा जातो, आणि मग कुणालाच काही करता येत नाही. म्हणून कॅप्टन उतरतात. खाली प्लगवर नुसता भुगा निघाला तरी निर्णय बरोबरच होता.

इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही, हेही नव्यांना सांगायला हवं. खालून वर येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो आणि कॅप्टन ताबा ठेवून उतरवू शकतात. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि त्याचा सराव प्रत्येक पायलटला करावा लागतो. मात्र उतरण्याचा वेग मोठा असतो. हजार फुटांवरून जमिनीपर्यंत अर्ध्या-पाऊण मिनिटाचा अवधी. तेवढ्यात बेल्ट आवळणं आणि नीट बसणं यापलीकडे काही होत नाही. म्हणूनच वरची सगळी तयारी आधी.

तुम्हाला काही जाणवलं तर

कॅप्टन पुढे बघत असतात. केबिनमधला जळका वास, छतातून ठिबकणारं तेल, दाराजवळची नवी थरथर आधी तुम्हाला कळते. "माझाच भास असेल" म्हणून गप्प बसू नका. सांगायचं एका दमात: काय, कुठे, किती. "कॅप्टन, मागे डावीकडे जळका वास येतोय, धूर दिसत नाही." मग गप्प बसून उत्तराची वाट बघा. कारण काय असेल याचा तर्क लावत बसू नका.

आग, धूर आणि आपलीच यंत्रं

आपण हेलिकॉप्टरमध्ये लिथियम बॅटऱ्या आणि ऑक्सिजन एकाच वेळी घेऊन चढतो. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, नातेवाइकाच्या खिशातली पॉवर बँक. त्यामुळे धुराचा उगम इंजिनात नसून आपल्याच सामानात असण्याची शक्यता कायम ध्यानात ठेवा.

धूर दिसला की आधी कॅप्टनला सांगा. लगेच ऑक्सिजन सिलिंडरलाच बंद करा, मास्क नुसता काढून ठेवू नका. सुटलेला ऑक्सिजन चादरीत आणि कपड्यांत साठतो. पेशंटला तोवर अँबूने साध्या हवेवर श्वास द्या. जे उपकरण तापलंय त्याची वायर काढा, बंद करा, अग्निशामक वापरा. बॅटरीची ज्वाळा विझली तरी ती आतून धुमसत राहते आणि पुन्हा पेट घेते, म्हणून ती थंड होईपर्यंत नजर हटवू नका. तापलेली वस्तू उचलून दाराकडे धावायचं नाही. पेशंटच्या हृदयाला शॉक द्यायची वेळ आली तरी आधी कॅप्टनला सांगा, त्यांच्या होकारानंतरच बटण दाबा.

लेझर डोळ्यांवर आला तर मान खाली घाला, उगमाकडे बघू नका आणि कुठून आला ते सांगा. पक्षी धडकला तर काच फुटून केबिनमध्ये वारा घुसतो आणि हेडसेटवर काही ऐकू येत नाही. कॅप्टनच्या हातवाऱ्यांकडे लक्ष ठेवा.

उतरायचं ठरलं: हातातली मिनिटं

पेशंटवर एक नजर टाका: श्वासनलिकेतली ट्यूब पक्की आहे का, ड्रिप चालू आहे का. पट्टे पुन्हा आवळा. स्ट्रेचरची पाठ वर असेल तर कॅप्टनला विचारून सपाट करा. बाहेर काढलेलं सगळं पिशवीत, पिशवी पट्ट्याखाली. सुया डब्यात. नातेवाइकाच्या खांद्यावर हात ठेवून नजरेला नजर देऊन सांगा की आपण उतरतोय आणि बेल्ट घट्ट आहे. मग आपल्या सीटवर या, पाठ आणि डोकं टेकवा, पाय जमिनीवर सपाट, बेल्ट घट्ट, आणि कंपनीच्या सेफ्टी कार्डवर दाखवलेली स्थिती घ्या. तुमच्या सीटचा पट्टा कसा आहे त्यावर ती ठरते, म्हणून कार्ड आधीच वाचलेलं हवं.

इथे एक कठीण गोष्ट. सीपीआर, म्हणजे हाताने छाती दाबणं, चालू असताना उतरावं लागलं तर? शेवटच्या क्षणांत तुम्ही बेल्टमध्येच असायला हवं. ऐकायला निर्दय वाटतं, मला माहीत आहे. पण बेल्टशिवाय उभी राहिलेली सिस्टर आदळताना पेशंटवरच फेकली जाते, आणि मग त्या शेतात दोन जखमी असतात आणि उपचार करायला कुणी नसतं. छाती आपोआप दाबणारं यंत्र लावलेलं असेल तर ते चालू ठेवा. नसेल तर उतरताच पुन्हा सुरू करा.

पेशंट बिघडला म्हणून तुम्हीच जवळच्या हॉस्पिटलकडे वळायला सांगू शकता का? हो. साध्या शब्दांत विनंती करा: "कॅप्टन, जवळच्या हॉस्पिटलकडे वळता येईल का?" वर्णन नको, रडवेला सूर नको. उत्तर "नाही" असं आलं तर वाद घालू नका, पेशंटकडे वळा.

समुद्रावर

मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे. तिथल्या आजारी कामगाराला आणायचं म्हणजे सगळा प्रवास पाण्यावरून. जून २०२२ मध्ये ओएनजीसीच्या सागर किरण रिगकडे निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं. आतल्या नऊ जणांपैकी चार वाचले नाहीत. पाण्यावर पडलेलं हेलिकॉप्टर उलटू शकतं, कारण इंजिन, गिअरबॉक्स, पंखा हे सगळं वजन वर असतं. फ्लोट, म्हणजे तरंगत ठेवणारे फुगे, फुगले तरी हा धोका संपत नाही.

म्हणून क्रम असा. लाइफ जॅकेट अंगात, पण बाहेर पडेपर्यंत फुगवायचं नाही. आत फुगवलंत तर छताला चिकटून अडकाल. एका हाताने दाराजवळचा एखादा पक्का भाग धरून ठेवा आणि तो सोडू नका, कारण पाण्यात उलटं झाल्यावर दिशा कळत नाही, हात मात्र वाट दाखवतो. पंख्याची हालचाल थांबू द्या. आधी बाहेर जायची वाट उघडा, मग बेल्ट सोडा. आधी बेल्ट सोडला तर पाणी तुम्हाला भलतीकडे ढकलतं. हे वाचून येत नाही. तलावातलं पाण्याखालून सुटकेचं प्रशिक्षण मिळाल्याशिवाय समुद्रावरची फेरी घेऊ नका आणि मिळालं नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

स्ट्रेचरला बांधलेल्या पेशंटला पाण्याखालून काढणं फार अवघड असतं. हे वास्तव उड्डाणाआधी क्रूने एकमेकांशी बोलून ठेवायचं: पट्टे कोण सोडणार, कुठल्या दाराने बाहेर नेणार. तटरक्षक दलाचं समुद्री बचाव समन्वय केंद्र मुंबईतच आहे आणि त्यांचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये हवा.

जमिनीवर

उतरलात, हादरा बसला, सगळे शुद्धीत आहेत. आता सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

कॅप्टनने सांगेपर्यंत दार उघडायचं नाही, आग किंवा धूर असेल तेवढाच अपवाद. इंजिन बंद केल्यावरही पंखा बराच वेळ फिरत असतो, आणि वेग कमी झाला की वाऱ्याच्या झोताने त्याची पाती खाली झुकतात. शेपटीचा पंखा फिरताना दिसतही नाही. बाहेर पडायचं ते कॅप्टनच्या नजरेसमोरून, पुढच्या बाजूने, वाकून. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने कधीच नाही, तिथे पाती जमिनीच्या जवळ येतात. १७ मे २०२५ ला केदारनाथला ऋषिकेशच्या एम्सची हेली ॲम्ब्युलन्स उतरताना शेपटी तुटली. कॅप्टन, डॉक्टर आणि नर्सिंग स्टाफ तिघेही सुखरूप बाहेर आले. अशा वेळी यंत्रापासून लांब जाणं हेच पहिलं काम.

मग येतो गाव. कर्जतच्या पुढे भात कापलेल्या खाचरात उतरल्यावर काय झालं ते सांगते. पंखा अजून पूर्ण थांबला नव्हता आणि बांधावरून माणसं धावत येत होती, पोरं पुढे, मोबाइल वर धरलेले. एका बाईच्या डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडून तोंडावर आला आणि ती तशीच आंधळेपणाने चालत राहिली, शेपटीच्या दिशेने. ओरडून काही उपयोग नव्हता, आवाज पोचतच नव्हता. माझ्याबरोबरचा ब्रदर दोन्ही हात आडवे पसरून पळत पुढे गेला आणि पहिल्या पन्नाशीच्या गृहस्थांना म्हणाला, "काका, पोरांना मागं घ्या, शेपटीकडं कुणाला जाऊ देऊ नका. तुमची जबाबदारी." त्या काकांनी तेवढ्यात सगळा बांध अडवून धरला. गर्दीला सामूहिक सूचना दिली तर ती कुणालाच दिलेली नसते. एक माणूस निवडा, त्याला काम द्या. मग त्यालाच पोलीस पाटलांना बोलवायला सांगा. गाव त्यांचं ऐकतं आणि पोलीस ठाण्यालाही तेच कळवतात. विडी-सिगारेट बंद. सावलीला चादर किंवा ताडपत्री आणली तर ती पंखा पूर्ण थांबल्यावरच.

पेशंटला कधी बाहेर काढायचं? आग-धूर नसेल तर घाई नको. केबिनमध्ये ऑक्सिजन, मॉनिटर, सावली आहे. मे महिन्यातल्या उन्हात मात्र बंद केबिन भट्टी होते, तेव्हा पंखा थांबताच दारं उघडा. ट्यूबची जागा पुन्हा ऐका. हवेत आवाजाने स्टेथोस्कोप निरुपयोगी होता, आता उपयोगी आहे. ऑक्सिजनचा काटा बघून वेळ लिहा.

ॲम्ब्युलन्स कोण बोलावतं? तुमचा कोऑर्डिनेटर, पण त्याला जागा कळली पाहिजे. फोनवरून लोकेशन पाठवा आणि गाव, तालुका, जवळचा फाटा हे गावकऱ्यांना विचारून सांगा. नेटवर्क नसेल तर कॅप्टनचा रेडिओ आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे. फोनवर "हेलिकॉप्टर पडलंय" म्हणू नका. "पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, ॲडव्हान्स लाइफ सपोर्टची गाडी हवी," असं सांगा, म्हणजे योग्य गाडी येते. जोरात आदळलं असेल तर हेलिकॉप्टरमधला ईएलटी, म्हणजे आपत्कालीन संदेश देणारं यंत्र, आपोआप ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवायला लागतो आणि तो उपग्रहांमार्फत इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्राकडे जातो. सगळे सुखरूप असाल तर कॅप्टनना त्याची आठवण करा, म्हणजे ते तसं कळवतील. नाहीतर शोधपथकं विनाकारण निघतात.

गाडी आली की पेशंट तुमच्याबरोबर जातो. अर्धवट हॅन्डओव्हर देऊन मागे थांबू नका. कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं हे आता नव्याने ठरवा. आधी ठरलेलं पुण्याचं हॉस्पिटलच हवं हा हट्ट सोडा. पेशंटला आता जी गोष्ट तातडीने लागते आहे ती देणारं जवळचं ठिकाण बघा. आणि "दुरुस्त होऊन लगेच उडालात तर आमचा वेळ वाचेल," हे कॅप्टनला चुकूनही म्हणू नका. यंत्र परवानाधारक इंजिनिअरने तपासून सही केल्याशिवाय उडत नाही.

नातेवाइकाला खरं सांगा. "यंत्रात काहीतरी खटकलं, म्हणून कॅप्टन सुरक्षित ठिकाणी उतरले. पेशंट आत्ता असा आहे. गाडी अमुक वेळात येते आहे." "काही नाही झालं" हे खोटं आहे आणि ते त्याला कळतं. गावातलं कुणी पाणी, चहा, गूळ घेऊन येतं; नातेवाइकाला घेऊ द्या, पण पेशंटच्या तोंडात काही घालायला निघालेल्या मायाळू हातांना आधीच थांबवा.

त्यानंतर

त्याच दिवशी, शक्यतो सहकाऱ्यांशी चर्चा करण्याआधी, आपल्याला जे दिसलं, ऐकू आलं, वास आला ते वेळेसह लिहून काढा. इतरांशी बोललं की आठवणी एकमेकांत मिसळतात आणि पुढे कुणालाच खात्री राहत नाही. तर्क नको, दोष नको. पेशंटची नोंद वेगळी, घटनेची वेगळी. कंपनीचा सेफ्टी विभाग डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेला, कळवतो, आणि अपघात किंवा गंभीर घटना असेल तर २०१२ साली स्थापन झालेली एएआयबी ही विमान अपघातांची तपास यंत्रणा तपास करते. तोवर तुटलेला एकही भाग हलवायचा नाही. जीव वाचवण्यासाठी जे हलवावं लागलं, ते कुठून कुठे हलवलं ते लिहून ठेवा. फोटो तपासासाठी काढा, ग्रुपवर टाकू नका. त्यात पेशंटचा चेहरा असतो आणि त्याच्या घरच्यांना अजून फोनही गेलेला नसतो.

छोट्या घटनाही कळवा. सैल झालेलं ब्रॅकेट, उघडं राहिलेलं दार, उड्डाणात हातून निसटलेली कात्री. यात कुणाला शिक्षा व्हावी असा हेतू नाही. पुढच्या फेरीच्या आधी ते ब्रॅकेट दुरुस्त व्हावं एवढाच. जिथे असं कळवणाऱ्याला बोलणी खावी लागतात तिथे माणसं कळवणं थांबवतात, आणि मग तेच ब्रॅकेट एक दिवस मॉनिटरसकट सुटतं. वरिष्ठांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या रात्री झोप लागणार नाही कदाचित. पंख्याचा आवाज कानात राहतो, साध्या लिफ्टच्या धक्क्यानेही छातीत धस्स होतं. पहिल्या काही दिवसांत असं होणं स्वाभाविक आहे. त्या फेरीत तुमच्याबरोबर असलेल्या माणसाशी बोला. दोनेक आठवड्यांनंतरही झोप, भूक, चिडचिड जागेवर आली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि तोवर उड्डाणाच्या रोस्टरमधून नाव काढून घ्या. "मला आज उडायचं नाही," हे सांगायला तुमच्याकडे तेवढं कारण पुरेसं आहे. परत रुजू व्हाल त्या दिवशी सुरुवात पुन्हा सीटपासून करा: पंखा बंद, डोळे मिटून बक्कल, मग दाराची मूठ, मग ऑक्सिजनचा काटा.